पावाची निशाणी

नाताळाला अकरा दिवस उरले होते. लोणावळ्याच्या कायतान पाववाल्याची बायको बायडाबाई मुक्ताबाईच्या ओट्यावर येऊन बसली, आणि बराच वेळ हातातलं कडं फिरवत राहिली. जाड पितळी कडं, डोंगरातल्या बायका घालतात तसलं. वर उघडं, आणि दोन्ही टोकांना मिऱ्याएवढे गोळे.

मुक्ताबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"कडं झिजंल गं. नवरा पळाला का भट्टी इझली, एक काय ते सांग."

"मावशी, आमाला हाकलत्यात."

आता मात्र मुक्ताबाईनं सूप खाली ठेवलं.

मुक्ताबाई केदारीला लोणावळ्यात कोण ओळखत नव्हतं? मुंबईच्या शेटलोकांच्या अकरा बंगल्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. पावसाळाभर बंगले बंद. कुणाचं घड्याळ जाई, कुणाचा गालिचा. शेट पोलिसात जायच्या आधी मुक्ताबाईला चिठ्ठी धाडी आणि चोर सापडे. ही बाई शाळेत गेली नाही. अक्षर लावून लावून स्वतःचं नाव वाची, तेवढंच. पण माणूस दारातून आत येताना कोणता पाय आधी टाकतो, हे तिच्या ध्यानात राही. चिठ्ठ्या वाचायला भाऊ होता. दत्तोबा. घाटातल्या इंजिनावर कोळसा मारून मारून घरी बसलेला. त्याला वाचता सगळं येई. समजायला मात्र वेळ लागे.

"दत्तू, कागद वाच."

बायडाबाईनं पदरातून काढलेली नोटीस दत्तोबानं चष्मा लावून वाचली. कायतान जुझे फुर्ताद, राहणार लोणावळे, याने आपण ब्रिटिश रयत असल्याचे खोटे लिहून देऊन मतदारांच्या यादीत नाव लावून घेतले, अशी तक्रार आली आहे. शुक्रवारी वडगावास मामलेदार कचेरीत हजर राहून खुलासा करावा. खुलासा न पटल्यास खोटे लिहून दिल्याबद्दल खटला होईल, आणि परकी रयत म्हणून हद्दीबाहेर घालवण्याबद्दल वर लिहिले जाईल.

"आं?" दत्तोबा म्हणाला. "पण मतदान तर फेब्रुवारीत हाय. त्यानं मत दिलंच कुटं?"

"मत द्यायला न्हाई लागत," मुक्ताबाई म्हणाली. "कायतान गोव्याचा. गोवा पोर्तुगिजांचा. हितं ऱ्हावं, पाव भाजावा, कोण काय म्हणत न्हाई. पण यादीत नाव लावायचं तर मी इंग्रजाची रयत असं लिहून द्यावं लागतं. परक्यानं तसं लिवलं की खोटं बोलला. तेवढं पुरतं."

"म्हंजी पाव चालतो, मत चालत न्हाई?"

"व्हय."

"आन मग ह्यो परका, तर हितं एकोणीस वर्सं काय करत व्हता?"

"तुझ्या चहाबरोबरचा पाव." मुक्ताबाई बायडाबाईकडे वळली. "नाव लावायला कागद भरावा लागतो. त्यानं भरला?"

"न्हाई वो मावशी! देवाशपथ त्यांनी त्या कागदाला बोट लावलं न्हाई. सही न्हाई, अंगठा न्हाई. तुमी फकस्त त्यांचं नाव पुसून द्या. शुक्रवारच्या आत."

"पुसायचं बघू. पण लावलं कुणी?"

बायडाबाई कड्याकडे बघत राहिली. "मला काय ठावं?"

ती गेल्यावर दत्तोबा म्हणाला, "आक्का, ह्यो हौशीरामच. हाटेलवाला. त्याचं आन कायतानचं कवापासनं वाकडं हाय."

"तुला लवकर सापडला." मुक्ताबाईनं किल्ल्या कमरेला खोवल्या. "मला ती बाई सापडंना झालीया."

"ती? ती तर मदत मागाया आली."

"त्येच तर," मुक्ताबाई म्हणाली आणि चालू लागली.

*

भट्टी बाजाराच्या मागल्या अंगाला होती. आत शिरलं की आंबलेल्या पिठाचा वास नाकात बसे. नथू पत्र्यावरून लाद्या काढून फळीवर लावत होता. नऊ वर्षं कायतानच्या हाताखाली असलेला, मऊ बोलणारा, चार बुकं शिकलेला माणूस. एका लादीत बारा पाव, एकमेकांना चिकटलेले, चारी बाजूंनी चौकोनी. नथूनं एक लादी मोडून दोघांपुढं केली.

"घ्या मावशी. ताई लय रडत व्हती का वो?"

बायडाबाईला तो ताई म्हणे. दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळी. तिचा सख्खा भाऊ वर, मळवलीच्या डोंगरातल्या वाडीत, आणि तिनं गोंयकाराशी इगर्जीत, म्हणजे ख्रिस्ती देवळात, लग्न लावल्यापासून तो खाली उतरला नव्हता.

कायतान कोपऱ्यात नाताळाच्या केकच्या खोक्यांवर आपलं नाव लिहीत होता. इंग्रजी वळणाचं अक्षर, शेवटी शेपटी काढलेली. सही करताना माणूस असा ताठ होई, जणू गव्हर्नरच.

"मुक्ताबाय, आपुण काय केलं ना," तो म्हणाला. "तीन वर्सां आदी नगरपालिकेचो वोट होतो. हौशीराम कागद घेऊन आला. आपुण सांगितलं, बाबा, म्हाका वोट ना. त्या कागदाला हात लावला तर म्हाका घालवतील. ह्याच जागेर सांगितलं. नथूक विचार."

"खरं हाय," नथू म्हणाला. "हौशीरामभाऊ तवा लय चिडले व्हते. म्हणाले, एवढं गिऱ्हाईक करतो आन एक मत देत न्हाई."

"यंदा कुणी आलं?"

"कोण ना."

"रविवारी तू असतोस का रं हितं?"

कायतानला प्रश्न विचित्र वाटला. "रविवारी पहाटेचो माल काढतो आणि खंडाळ्याक इगर्जीत जातो. आठ ते बारा. बायडा पाठी ऱ्हाते, दुसरा घाणा भट्टीत असतो ना. ती सांजेच्या प्रार्थनेक जाते."

बाहेर आल्यावर दत्तोबानं विचारलं, "रविवार कशाला काढलास मधीच?"

"किरिस्तावाला भट्टीबाहेर काढणारा वार तेवढाच. त्याच्या पाठी काय झालं असंल तर तवाच."

दत्तोबाला काही कळलं नाही. पण त्यानं पाव संपवला.

*

दुसऱ्या दिवशी दोघं सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं वडगावला गेली. कचेरीतल्या अव्वल कारकुनाच्या सासऱ्याचं घड्याळ मुक्ताबाईनं एकदा शोधून दिलं होतं. त्यानं कुरकुरत दप्तर सोडलं.

"हात लावू नका. लांबून बघा."

दत्तोबानं लांबूनच वाचलं. "अर्जदार कायतान जुझे फुर्ताद. धंदा पाव. मी ब्रिटिश रयत आहे. तारीख बावीस नोव्हेंबर, रविवार. अक्षर लय झ्याक हाय, आक्का."

"ते पुण्याच्या कॉलेजातल्या मुलांचं," कारकून म्हणाला. "त्या एका रविवारी आली होती, उमेदवाराचं काम करायला. सकाळी हौशीरामच्या हॉटेलात टेबल टाकलं आणि दुपारच्या गाडीनं सगळे कागद घेऊन गेली. शंभर माणसांचे कागद एकाच हाताचे आहेत. सही किंवा निशाणी मात्र ज्याची त्यानं करायची."

"निशाणी कुटं हाय?"

कारकुनानं बोट ठेवलं. जांभळ्या पेन्सिलीनं काढलेला एक गोल. पण वरच्या बाजूला तो मिटलेला नव्हता. तिथं बोटभर फट, आणि फटीच्या दोन्ही कडांना पेन्सिल दाबून केलेले दोन ठिपके.

"ह्यो कसला पाव?" दत्तोबा म्हणाला. "उंदरानं कुरतडल्यावानी."

"आम्हालाही आधी कळेना. पण तक्रारदारानं लिहिलंय, पावाची निशाणी करून नाव लावले. मग आम्ही तसंच धरलं. शेतकरी नांगर काढतो, शिंपी कातर काढतो, हा पाववाला."

"तक्रार कोणाची?"

"निनावी. डाव्या हातानं लिहिल्यासारखी, बघा."

दत्तोबानं तीही वाचली. वर कचेरीचा शिक्का होता. शनिवार, पाच डिसेंबर.

"आन यादी कवा लावली?" मुक्ताबाईनं विचारलं.

"सोमवारी, सातला. चावडीवर आणि नगरपालिकेच्या भिंतीवर."

"यादीत निशाणी दिसती का?"

"बाई, यादीत नुसती नावं असतात. निशाणी ह्या दप्तरात. आणि दप्तर माझ्याकडे. मी सोडून आणि आता तुम्ही सोडून कोणी पाहिलेली नाही."

"मग आमी बी कुणाला सांगत न्हाई. दत्तू, ऐकलंस? पाव, गोल, उंदीर, ह्यातलं एक अक्षर तोंडातनं काढायचं न्हाई."

दारापाशी पोचल्यावर मुक्ताबाई परत फिरली.

"रावसाहेब, एक इचारते. बाईमाणसाला बी यंदा मत हाय म्हणं. ह्या कायतानच्या बायकोला असंल का? ती हितलीच, मळवलीच्या डोंगरातली."

कारकून हसला. "नाही. परक्या माणसाशी लग्न लागलं की बाई नवऱ्याच्या रयतेत जाते. ती आता पोर्तुगीज."

मोटार कामशेत सोडून पुढं आली तेव्हा दत्तोबा म्हणाला, "आक्का, ती बाई कधी कर्जतच्या पलीकडं गेली न्हाई. पोर्तुगीज कुटनं झाली?"

"इगर्जीच्या पायरीवर."

"तिला ठावं हाय?"

"न्हाई. आन तुला बी सांगायची घाई नको."

*

हौशीराम गल्ल्यावर बसून गाडीच्या वेळेची वाट बघत होता. जाडा, तोंडाळ, मनात आलेलं ओठावर ठेवणारा माणूस.

"मी कशाला लावू त्याचं नाव?" तो ओरडला. "तीन वर्सांपूर्वी माझं तोंड पोळलंय. यंदा त्याच्या भट्टीची पायरी चढलो न्हाई."

"कागद तुझ्याच हाटेलात वाटले."

"पुण्याची पोरं वाटत व्हती. नाव सांगा, ती लिवून देणार. कागद घरी न्यायचा, सही-निशाणी करायची, दुपारच्या आत आणून पेटीत टाकायचा. कोण कुणाचं नाव सांगतंय, मी काय पहारा देऊ? मी सकाळपासनं ह्या गल्ल्यावरनं हललो न्हाई. हललो असतो तर माझ्या पोऱ्यांनी निम्मं दुकान खाल्लं असतं. त्या दिवशी गिऱ्हाईकच एवढं, भट्टीवरनं पाव दोनदा मागवावा लागला."

"आन त्यानं कागद कसा केला असंल म्हणतोस?"

"कसा म्हंजी? अंगठा दाबला असंल. पाववाल्याला काय येतंय?" हौशीराम थांबला. मग उगीचच फडकं मारत म्हणाला, "हे बघा मुक्ताबाई, भांडतो मी त्याच्याशी. पण त्याला हाकलला तर मी सकाळी गिऱ्हाईकाला काय देऊ, माझं डोस्कं?"

दत्तोबा बाहेर येऊन कुजबुजला, "लय वरडला. वरडतो त्यो चोर."

"तू इंजिनावर असताना शिट्टी कोण मारायचं? चोर?"

भट्टीची जागा अंबूबाईची. म्हातारी विधवा, गुडघ्यांनी हैराण, ओसरीत खाटेवर बसून अख्ख्या आळीवर नजर ठेवायची.

"मला कायतानचं सुख हाय न दुःख," ती म्हणाली. "जानेवारीत पट्टा संपतोय. भट्टी पेटती ऱ्हायली म्हंजी माझं भाडं आलं. त्याला धाडला तरी नथू चालवील म्हणतो. कामाची माहिती हाय त्याला. गुणी पोरगा, गुडघ्याला तेल आणून देतो."

"आन मतदार यादीचं? कागद कायताननं कसा केला असंल?"

"सही मारली असंल की. त्याला येती. पट्ट्यावर हाय माझ्या, शेपटीवाली." तिनं आपला अंगठा पुढं केला. "मला तर ह्येच. तरणी व्हते तवा निशाणी काढायची मी बी. मालक गेल्यावर सोडली."

"व्हय," मुक्ताबाई म्हणाली. तिचाही हात मोकळाच होता. "आपल्याला आता ती काढता येत न्हाई."

दत्तोबानं दोघींकडे बघितलं. कशाबद्दल चाललंय ते त्याला विचारायचं होतं. पण मुक्ताबाई तोवर ओसरी उतरली होती.

नथू विहिरीवर पत्रे घासताना भेटला. मुक्ताबाई दगडावर बसली.

"नथू, शुक्रवारी काय व्हईल रं?"

"काय सांगू मावशी? मला तर झोप न्हाई. मालक म्हणत्यात मी केलं न्हाई. मानलं. पण कचेरीवाले कसं मानतील? आता पावाचं चित्र काढून निशाणी करणारा लोणावळ्यात दुसरा कोण हाय?"

दत्तोबानं तोंड उघडलं. मुक्ताबाईनं त्याच्या पायावर पाय ठेवला.

"खरं हाय बाबा," ती म्हणाली. "घास पत्रे."

*

गुरुवारी दुपारी, दिवसाचा माल गेल्यावर, मुक्ताबाईनं सगळ्यांना भट्टीत बोलावलं. हौशीराम तक्रार करत आला. अंबूबाईला पोत्यावर बसवलं. कायतान उभा, बायडाबाई चुलीकडं पाठ करून. नथूनं दाराची चौकट धरली होती.

मधल्या टेबलावर मुक्ताबाईनं मूठभर मैदा पसरला आणि हातानं सारखा केला.

"मला अक्षर येत न्हाई," ती म्हणाली. "म्हणून मी चित्रं बघते. कायतान, ह्यात तुझा पाव काढ."

कायताननं बोटानं चौकोन काढला.

"दत्तू, आता कचेरीतल्या कागदावर काय व्हतं ते काढ."

दत्तोबानं जीभ बाहेर काढून गोल काढला, वर फट ठेवली, दोन ठिपके टेकवले.

"एकोणीस वर्सं ज्यानं गोल पाव केला न्हाई, त्यो पाव काढायला बसला तर गोल कसा काढंल? आन ज्याला शेपटीवाली सही येती, त्यो चित्र काढील कशाला? पण कचेरीत सगळे म्हणत्यात पाव. का? तक्रारीत कुणीतरी तसं लिवलं म्हणून. एकदा वाचल्यावर त्यांना बी पावच दिसाय लागला. माझ्या भावाला सुदिक दिसला. ह्याला उंदीर पण दिसला."

"मग काय हाय ते?" हौशीरामनं विचारलं.

"अंबूबाई, तरणेपणी तू काय निशाणी काढायचीस?"

"बांगडी," म्हातारी चटकन म्हणाली. "बाईमाणसाची निशाणी बांगडीच. बापई नांगर काढी, आमी बांगडी. मालक गेल्यावर बांगडीच फुटली, मग अंगठा."

हौशीराम मैद्यातल्या गोलावर वाकला.

"ही बांगडी हाय," मुक्ताबाई म्हणाली. "म्हंजी कागदावर हात बाईचा. सवाष्णीचा. बांगडी बी काचंची न्हाई. काचंची असती तर गोल पुरा मिटला असता." तिनं आवाज उतरवला. "बायडा, हिकडं ये गं. हात ठेव."

बायडाबाई आली. कायतानकडं तिनं बघितलं नाही. मुक्ताबाईनं तिचं मनगट धरलं, कडं सैल करून काढलं, आणि दत्तोबाच्या चित्राशेजारी मैद्यात दाबून उचललं.

गोल. वर फट. दोन्ही टोकांना दोन खळगे.

"बायडा?" कायतान म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक कधी कुणी ऐकला नव्हता.

"मी तुमाला ठेवायला केलं वो!" ती रडत ओरडली. "दर वर्साला कोण ना कोण हवालदार येतो, कागद इचारतो. तुमी रातभर जागता. मला सांगितलं, यंदा नवा कायदा हाय, यादीत नाव चढलं की माणूस हितला झाला, मग कुणाच्या बापाला हलवता येत न्हाई. म्हणाला, दाजी भित्रे हायेत, त्यांना आधी सांगू नको, यादी लागली की एकदम दाखवू. मी म्हटलं मला लिवता येत न्हाई. म्हणाला, निशाणी कर, घरच्या लक्ष्मीची चालती. मला काय ठावं कागदावर काय व्हतं!"

"कोण म्हणाला?" हौशीरामनं विचारलं. पण त्याच्याआधी सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या होत्या.

"मी?" नथू म्हणाला. "ताई, तू माझं नाव घेतीस? चूक तुझी झाली आन—"

"तिनं नाव घेतलंच न्हाई अजून," मुक्ताबाई म्हणाली. "मी घेते. बावीस तारीख, रविवार. कायतान आठ ते बारा इगर्जीत. हौशीराम गल्ल्यावर. त्या दिवशी हाटेलात पाव दोनदा गेला. कोण घेऊन गेलं?"

"नथूच की," हौशीराम म्हणाला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आयला! पहिल्या खेपेला कागद नेला, आन दुसऱ्या खेपेला पेटीत टाकला!"

"ह्याला भावाच्या आधी कळलं," मुक्ताबाई दत्तोबाला म्हणाली. "आता फुडं. यादी भिंतीवर लागली सोमवारी. तक्रार पोचली दोन दिवस आधी, शनिवारी. यादीत नाव येणार हे यादीच्या आधी कुणाला ठावं? ज्यानं पेटीत टाकलं त्याला. जानेवारीत पट्टा संपतो आन भट्टी तुला पायजे, म्हणून घाई. दोन दिवस दम काढला असतास नथू, तर मला जड गेलं असतं."

"ह्यात माझं काय? कोणी बी लिवलं असंल."

"मी दोघांना एकच इचारलं. कायताननं कागद कसा केला असंल? हौशीराम म्हणाला अंगठा. अंबूबाई म्हणाली सही. ज्यांनी कागद बघितला न्हाई ती अशीच अंदाज बांधणार. तुला तर मी ते इचारलं बी न्हाई. तूच म्हणालास, पावाचं चित्र. ते चित्र कचेरीच्या दप्तरात हाय. आन पाव हा शब्द त्या निनावी चिठ्ठीत. दोन्हीकडं असलेला माणूस तू एकटा."

नथूनं चौकट सोडली. पण हौशीराम दारात सरकला होता, आणि तो सरकला की दार उरत नसे.

"मी कागदावर रेघ सुदिक मारली न्हाई," नथू पुटपुटला.

"त्यासाठीच तर तिचा हात घेतलास. बोलली तर तीच अडकंल, म्हणून ती बोलणार न्हाई. तीन वर्सांपूर्वी कायतान ह्याच जागी म्हणाला, त्या कागदाला हात लावला तर मला घालवतील. तू हितं उभा राहून ऐकलंस, आन जपून ठेवलंस." मुक्ताबाईनं मैदा झटकला. "भाऊबीजेनंतरचाच रविवार रं त्यो. ओवाळलेलं तेल तरी वाळू द्यायचं."

अंबूबाईनं गुडघ्यावरचा हात काढून पदराला पुसला. तेल अजून ओलं असल्यासारखा.

दत्तोबानं सावकाश विचारलं, "आक्का, बायडावर तुला संशय कवा आला?"

"पहिल्याच दिवशी. घरात चोरी झाल्यावर माणूस आधी इचारतं, कोणी केली. ही पुसून द्या म्हणाली. कोणी केलं हे तिनं एकदा बी इचारलं न्हाई. ज्याला उत्तर ठावं असतं त्यो इचारत न्हाई."

*

शुक्रवारी वडगावच्या कचेरीत मामलेदारांनी सगळं ऐकून घेतलं. इगर्जीतल्या पाद्र्याची चिठ्ठी पाहिली, हौशीरामची साक्ष घेतली, नथूला फौजदाराच्या हवाली केलं. मग लेखणी थांबवून म्हणाले, कायतानचं नाव यादीतून निघेल, खटला नाही. पण निशाणी करणाऱ्या बाईनं लेखी जबाब द्यायला हवा.

कारकुनानं जबाब लिहायला घेतला. नाव. वय. धंदा.

"रयत?" त्यानं स्वतःलाच विचारलं, आणि मामलेदारांकडं बघितलं.

"पोर्तुगीज," मामलेदार म्हणाले. "कायद्यानं तसंच."

बायडाबाईला वाटलं, ते कायतानबद्दल बोलतायत. मुक्ताबाईनंच तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती खिडकीशी गेली. खिडकीतून वरची डोंगराची रांग दिसत होती.

"मावशी, मी त्या वाडीत जलमले. माझा बाप तिथल्या मातीत हाय."

"व्हय."

"मग मी परकी कुणाची?"

मुक्ताबाईनं खरं तेच सांगितलं.

"मला बी कळत न्हाई गं. पण जबाबात मी हितली असं लिवलंस, तर कायताननं केला म्हणत व्हते तोच गुन्हा तुझ्याकडनं व्हईल. आन मग तुमी दोघं जाल."

बायडाबाई टेबलापाशी परत आली. कारकुनानं शाईचं फडकं पुढं केलं. "अंगठा, बाई."

"अंगठा न्हाई." तिनं पेन्सिल मागितली. पण ती टेकवली नाही. ती दत्तोबाकडं वळली.

"मामा, आधी वाचा. पहिल्यापासनं."

दत्तोबानं वाचलं. पोर्तुगीज शब्दापाशी त्याचा आवाज अडखळला, पण त्यानं तो गाळला नाही.

"आता पुन्यांदा वाचा."

कारकुनानं घड्याळाकडं बघितलं. मामलेदारांनी त्याला हातानं थांबवलं. दत्तोबानं पुन्हा वाचलं, एकेक शब्द, घाटात गाडी चढवावी तसा.

मग बायडाबाईनं खाली वाकून गोल काढला. वर फट सोडली. दोन ठिपके टेकवले, दाबून.

"हे काय?" कारकुनानं विचारलं.

"बांगडी," ती म्हणाली. "शेजारी लिवा. न्हाईतर परत कुणी पाव म्हणंल."